ठाण्यात एकटा राहिलेला पाद्री

परदेशी पाद्री म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा पोर्तुगीज काळ येतो. वसईचा किल्ला, ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठचे चर्च, आणि या सगळ्याच्या पाठीशी उभी असलेली तोफांची सत्ता. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो पाद्री मात्र वास्को द गामाच्याही पावणेदोनशे वर्षे आधी ठाण्यात होता. त्याच्या पाठीशी ना राजा होता, ना आरमार. काही काळ तर त्याच्या अंगावर पाद्र्याचा झगासुद्धा नव्हता.

त्याचे नाव जॉर्डानुस. हा डोमिनिकन पंथाचा फ्रेंच साधू. १३२१ साली तो ठाण्याला आला, तोही आपल्या मर्जीने नव्हे. इराणातल्या तब्रीझ शहरातून तो निघाला, होर्मुझला जहाजात बसला. त्याच्याबरोबर फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे होते. टोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. यांतला थॉमस चांगला वयस्क होता, आणि देमेत्रियस दुभाष्याचे काम करी. सगळ्यांना जायचे होते केरळातल्या कोल्लमला. पण वाऱ्याने जहाज ओढून आणले ते आपल्या खाडीत.

त्या वेळचे ठाणे म्हणजे काही आडगाव नव्हे. शिलाहारांची ही राजधानी, श्रीस्थानक. मार्को पोलोने ठाण्याच्या कातड्याचा, सुती कापडाचा आणि चाचेगिरीचा उल्लेख तीसेक वर्षांपूर्वीच करून ठेवला होता. यादवांचे राज्य नुकतेच संपले होते आणि गावात दिल्लीच्या सुलतानाचा मलिक आणि काझी बसत होते. इराणी माणसांची तर या भागाला शतकांची सवय. कान्हेरीच्या लेण्यांत पारशी मंडळींनी कोरलेले पहलवी लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. ख्रिस्ती माणूसही ठाण्याला नवा नव्हता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जॉर्डानुस आला तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. रोमच्या लेखी हे लोक पाखंडी. पण परमुलखात उतरलेल्या माणसाला आसरा लागतो, तेव्हा पाखंड वगैरे फारसे आठवत नाही. पाचही जण त्यांतल्याच घरांतून उतरले.

आता परक्या गावात पहिली गरज कशाची? भाषेची. जॉर्डानुसला फारसी चांगली येत होती, आणि फारसी ही त्या वेळी बंदराबंदरांतली कामाची भाषा होती. सोपाऱ्याला आणि पुढे भडोचकडे काही ख्रिस्ती आहेत, पण ते नावापुरतेच, त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, असे यजमानांनी सांगितले. भाषा येते म्हणून जॉर्डानुस तिकडे निघाला. बाकीचे चौघे ठाण्यात राहिले. फारसी येणारा वाचला आणि बाकीचे राहिले ते गेले, इतका साधा हा योग आहे.

झाले ते असे. ज्या घरात ते उतरले होते, त्या घरच्या नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. बाई स्वस्थ बसली नाही, ती काझीकडे गेली. काझीने विचारले, साक्षीदार कोण? तिने घरातल्या पाहुण्यांची नावे सांगितली. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या घरी राहायचे तर घरातले भांडणही कानांवर पडणारच. पण हे पाहुणे काझीपुढे उभे राहिल्यावर गोष्ट मारहाणीवरून धर्मावर गेली. वाद पेटला, प्रेषितांविषयी प्रश्न विचारला गेला, आणि या मंडळींनी दिलेले उत्तर ऐकणाऱ्यांना सहन होण्यासारखे नव्हते. ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांना ठार मारण्यात आले, आणि दोन दिवसांनी पीटरला. या प्रसंगाच्या हकिकती ख्रिस्ती साधूंनीच लिहिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांत चमत्कारही पुष्कळ आहेत. ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. घरगुती कज्जा, परके साक्षीदार, आणि गावाचा अंदाज नसलेली जीभ. मार खाल्लेल्या त्या बाईच्या फिर्यादीचे काय झाले, हे मात्र कुणाही साधूला लिहून ठेवावेसे वाटले नाही.

बातमी कळताच जॉर्डानुस परत फिरला. जिनोआच्या एका तरुणाच्या मदतीने त्याने ते देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. आणि मग तो तिथून पळून गेला नाही. याच भागात राहिला.

त्याची दोन पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिले १२ ऑक्टोबर १३२१चे, सौराष्ट्रातल्या घोघ्याहून लिहिलेले. त्यात हिशेब आहे. भडोचला नव्वदेक जणांचा बाप्तिस्मा केला, नंतर आणखी वीसेक, ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस. भडोच हे सोपाऱ्यापासून दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. दुसरे पत्र आपल्या हिशेबाने जानेवारी १३२४चे, ठाण्याहून लिहिलेले. हे पत्र निराळे आहे. अडीच वर्षे मी इथे एकटा आहे, असे तो कळवतो. चाच्यांनी लुटले. कैदेत पडलो. लोकांनी आळ घेतले, शिव्याशाप दिले. पंथाचा पोशाख गेला, नुसत्या सदऱ्यावर वावरावे लागले. डोके दुखते, छाती दुखते, पोट दुखते, हातपाय दुखतात. तेव्हा माणसे पाठवा. कुठे पाठवायची, ते त्याने पहिल्याच पत्रात सुचवले होते. सोपारा, भडोच, कोल्लम.

नव्या मुलखात गेलेल्या माणसाची ही तक्रार आपल्याला ओळखीची वाटते. पाणी सोसत नाही, हवा मानवत नाही, आणि जवळ आपल्या भाषेत बोलणारे कुणी नाही. फरक एवढाच की त्याच्या पत्राला उत्तर यायचे तर वर्षे लागणार होती.

पण याच जॉर्डानुसने पुढे लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'मिराबिलिया', म्हणजे नवलाच्या गोष्टी. ते पुस्तक या पत्राशेजारी ठेवून वाचले की मोठी गंमत वाटते. पत्रात दुखणे आहे, पुस्तकात रसना आहे! सिंधपासून खाली मलबारपर्यंतच्या किनाऱ्याला तो 'लहान हिंदुस्थान' म्हणतो, म्हणजे त्यातला शब्द न् शब्द ठाण्याचा नव्हे. तरी वाचताना आपला किनारा लपत नाही.

फणसाचेच घ्या. एक फळ पाच माणसांना पुरेल एवढे, आणि ते डहाळीला लागत नाही, कारण डहाळीला त्याचा भार पेलणार नाही. ते जाड फांद्यांना आणि खोडाला लागते, अगदी मुळापर्यंत. हे ज्याने लिहिले त्याने फणसाच्या झाडाखाली उभे राहून वर-खाली पाहिलेले आहे. त्याला तो 'चाकी' म्हणतो. तो मल्याळी 'चक्का'. आणि दुसरे तसेच मोठे, तसेच गोड फळ, त्याचे नाव तो 'ब्लोकी' देतो. कोकणी माणसाला येथे लगेच कापा आणि बरका आठवेल. याच काळात इब्न बतूतानेही 'शकी' आणि 'बरकी' अशी जोडी नोंदवली आहे, तेव्हा जॉर्डानुसचे ब्लोकी म्हणजे बहुधा आपला बरकाच. आंब्याला तो 'अनिबा' म्हणतो, आलुबुखाऱ्यासारखे पण फार मोठे फळ म्हणून ओळख करून देतो, आणि गोडी शब्दांत सांगता येत नाही म्हणून थांबतो. मारले गेलेले सोबती, कैद, चाचे, पोटदुखी या सगळ्यांतून गेलेला माणूस आंब्यापाशी येऊन हात टेकतो, हे मला फार आवडते.

त्याच्या या शब्दांवरून त्याचा दिवस कसा जात असेल, ते थोडे कळते. नारळाला तो फारसी 'नारगील' म्हणतो, ताडाला 'तारी'. कुठला शब्द फारसी, कुठला मल्याळी, कुठला आपल्याकडचा. म्हणजे कुणी खलाशी, कुणी व्यापारी, कुणी माडाखालचा माणूस भेटला की हा विचारीत असणार, याला काय म्हणतात? आणि ऐकू आले तसे लिहीत असणार. पुढे थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, त्याने आपली भाषा शिकून १६१६ साली ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले. जॉर्डानुसची मजल तिथवर गेली नाही. त्याच्या झोळीत सुटे शब्दच राहिले.

जेवणाविषयी तो जे लिहितो, ते मला नुसते कुतूहल वाटत नाही. गहू इथे पुष्कळ आहे, पण लोक त्याची भाकर खात नाहीत, पाण्यात शिजवलेला भात खातात. द्राक्षाचे वेल थोडे आहेत, लोक द्राक्षे तशीच खातात, त्यांचा द्राक्षरस करीत नाहीत. त्याऐवजी झाडांचा रस काढून पितात. आता कॅथलिक पाद्र्याला रोजच्या उपासनेत दोन वस्तू लागतात, गव्हाची भाकर आणि द्राक्षांचा मद्यरस. माडी कितीही गोड असली तरी वेदीवर चालत नाही. म्हणून गहू आणि द्राक्षे यांची नोंद ही मला प्रवाशाची मौज न वाटता, घरातले सामान संपत आलेल्या माणसाची चौकशी वाटते.

हवेने तो हैराण झाला होता. इथला उकाडा परक्याला सांगता येणार नाही इतका असह्य, असे तो म्हणतो. पाऊस मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीन महिने, एरवी थेंब नाही. मेचा मध्य ऐकून शेतकरी हसेल, पण तेव्हाचे युरोपी पंचांग आजच्यापेक्षा आठ दिवस मागे होते, तेवढी सूट त्याला द्यावी. या मुलखात नद्या नाहीत असेही तो लिहून जातो. उल्हास, वैतरणा ओलांडून सोपाऱ्याला गेलेल्या माणसाने हे लिहावे, याला मात्र सूट नाही. वाळवीचे वर्णन अचूक आहे. लोकरीसारखी पांढरी, दात इतके कठीण की लाकूड आणि दगडांचे सांधेही पोखरते, कापड खाते, आणि ऊन लागू नये म्हणून बारीक मातीचे कवच बांधत जाते. हे लिहिणाऱ्याचे काहीतरी वाळवीने नक्की खाल्ले असणार.

माणसांविषयी त्याचे मत चांगले आहे. खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे, न्यायात चोख, आणि ज्याचा त्याचा पूर्वापार हक्क त्याच्या पायरीप्रमाणे जपणारे. पारशांचे छप्पर नसलेले बुरूज त्याने टिपले, सतीही पाहिली. आणि 'डुंब्री' नावाचे लोक, जे मेलेले जनावर खातात, इतरांची कष्टाची कामे करतात, ओझी वाहतात. हे म्हणजे डोंब. डोंबिवलीच्या नावाचा संबंधही लोक याच शब्दाशी जोडतात, ते खरे-खोटे भाषापंडितांनी पाहावे. पण हक्क पायरीप्रमाणे जपणारा तो चोख न्याय आणि ओझी वाहणारे हे लोक, ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे जॉर्डानुसच्या ध्यानात आलेले दिसत नाही. तो स्वतः पायऱ्यापायऱ्यांच्या समाजातूनच आला होता.

चौघे मारले गेल्यानंतर थोड्याच वर्षांत इटलीचा ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला आला, होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांत, लोखंडाचा खिळा नसलेल्या, दोरीने शिवलेल्या जहाजातून. ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजराचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, असे त्याने लिहिले. आपल्या घुशी! ठाणेकरांनी हे वाक्य मनाला लावून घेऊ नये. मलिकाला या हत्यांबद्दल दिल्लीहून देहदंड झाला, असेही तोच सांगतो. ओदोरिकने त्या चौघांच्या अस्थी उकरून काढल्या आणि गाठोडे बांधून समुद्रमार्गे थेट चीनच्या झैतून बंदरात नेल्या. तिथे त्याच्या पंथाचे मठ होते.

जॉर्डानुस पुढे युरोपात परतला. १३२९ साली पोप बाविसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. जिथे जायला तो निघाला होता, त्या गावचे नाव अखेर त्याच्या पदवीला लागले. त्याचे पुस्तक १८३९ साली पॅरिसला छापले गेले, आणि १८६३ साली हेन्री यूलने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. तोवर बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन दहा वर्षे झाली होती, आणि गाडी कल्याणच्याही पुढे गेली होती.