विनाशकारी भूकंप का होतात?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपी गेले असताना, किल्लारी हादरले. दोन्ही भूकंपांचे परिमाण जवळपास सारखेच, म्हणजे सहा ते साडेसहाच्या दरम्यान होते. तरीही कोयनेत बळींची संख्या दोनशेच्या आसपास राहिली, तर लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत ती आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. भूकंप का होतो आणि तो विनाशकारी का ठरतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचा यापेक्षा बोलका पुरावा महाराष्ट्राला शोधावा लागणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खडकाच्या स्वभावात आहे. खडक ताठर वाटला तरी दाबाखाली तो अतिशय सूक्ष्म प्रमाणात वाकतो. भूकवचात जुन्या भेगा असतात, त्यांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन बाजू घर्षणामुळे एकमेकींना धरून असतात, आणि दाब मात्र वर्षानुवर्षे साठत राहतो. घर्षणाची मर्यादा ओलांडली की दोन्ही बाजू काही सेकंदांत सरकतात आणि साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही उपपत्ती मांडली. आजही भूकंपविज्ञानाचा पाया तोच आहे.

आपल्याकडे हा दाब येतो कोठून? भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत असून हिमालयाच्या पायथ्याशी तो आशियाच्या भूपट्टाला भिडलेला आहे. या रेटारेटीचा ताण केवळ हिमालयापुरता राहत नाही, तो थेट दख्खनपर्यंत पोहोचतो. येथील खडक प्राचीन आहेत, पण अभंग नाहीत. अडचण अशी की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याने जुन्या भेगांवर काळ्या पाषाणाची जाड चादर पांघरली. किल्लारीत ती ३३८ मीटर जाडीची निघाली, तर कोयना परिसरात एक किलोमीटरच्या आसपास. खालचा भ्रंश वरून दिसत नाही. १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित गणला जात होता, याचे हेही एक कारण.

कोयनेच्या भूकंपाने आणखी एक धडा दिला. १०३ मीटर उंचीच्या धरणात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पाणी साठू लागले आणि धक्के सुरू झाले. पाण्याच्या वजनापेक्षा भेगांत झिरपणारे पाणी अधिक महत्त्वाचे असते. त्याचा दाब भ्रंशाच्या दोन बाजूंमधली पकड सैल करतो. पाणी भूकंप निर्माण करीत नाही. जो ताण आधीच काठोकाठ भरला आहे, त्याला ते वाट करून देते. ठाणे जिल्ह्यातही हे घडले आहे. शहापूर तालुक्यातील भातसा धरण भरल्यानंतर १९८३ मध्ये तेथे धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि त्यातला सर्वांत मोठा धक्का पाचच्या जवळ गेला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात बसलेल्या हजारो लहान धक्क्यांमागेही पावसाचे झिरपलेले पाणी असावे, असे मत मांडले गेले आहे.

कल्याणच्या उत्तरेस, आंबिवली स्थानकालगत उल्हास नदीच्या काठी वसलेले मोहने या साऱ्या पट्ट्यात मोडते. २००२ च्या सुधारित नकाशात कल्याण-डोंबिवली परिसर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखवला गेला. माथेरानच्या बाजूला लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, तर मुंबईकडे जाताना ते समुद्राच्या दिशेने झुकतात. थर जेथे वाकतात त्या उत्तर-दक्षिण पट्ट्याला भूशास्त्रज्ञ ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे हीदेखील खोल भेगांचीच खूण मानली जाते. यावरून मोहन्याखाली मोठा भूकंप दबा धरून बसला आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तारीख-वार सांगणारे भाकीत आजच्या विज्ञानाला शक्य नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांकडे दुर्लक्ष करणेच बरे.

आता दुसरा प्रश्न. परिमाण आणि तीव्रता या दोन शब्दांची आपल्या बातम्यांत नेहमी सरमिसळ होते. परिमाण म्हणजे भ्रंशावर सुटलेली ऊर्जा. ते एका भूकंपाला एकच असते, आणि त्यात एका अंकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पट वाढ. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला हादरा, जो गावागणिक, किंबहुना गल्लीगणिक बदलतो. किल्लारीचा भूकंप अगदी उथळ होता, त्यामुळे लहरी क्षीण होण्याआधीच भूपृष्ठावर पोहोचल्या. वर होती ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची आणि मातीच्या जड धाब्यांची घरे. आडवा झटका बसताच भिंती फुगून सुटल्या आणि धाबे झोपलेल्यांवर कोसळले.

जमिनीचा पोतही निर्णायक असतो. कठीण पाषाणातून लहर वेगाने निघून जाते. नदीच्या सैल गाळात तिचा वेग मंदावतो आणि हेलकावा वाढतो. गाळ पाण्याने संपृक्त वाळूचा असेल तर हादऱ्याने तो काही काळ द्रवासारखा वागू लागतो. म्हणून उल्हासच्या काठच्या भरावावरील इमारत आणि तेथून थोड्या अंतरावर पाषाणावर पाया घेतलेली इमारत यांना एकाच भूकंपाचा अनुभव वेगवेगळा येईल.

शहरी वाचकासाठी मात्र किल्लारीपेक्षा अहमदाबादचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाचे परिमाण ७.७ होते, आणि त्याचे केंद्र अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. तरीही तेथील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी बऱ्याच इमारतींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठरपणा असतो, तळाशी केवळ खांब. आडवा धक्का बसला की सारे वाकणे त्या खांबांच्याच वाट्याला येते. कल्याण-डोंबिवलीत असे स्टिल्ट पार्किंग गल्लोगल्ली आहे. खांबातील सळया धरून ठेवणाऱ्या रिंगा विरळ असतील किंवा त्यांची टोके आत नीट वळवलेली नसतील, तर खांब फुटतो. हा खर्च एकूण बांधकामात फारसा नसतो, पण काँक्रीट ओतल्यावर तो दिसत नाही, आणि वाचवला जातो तो नेमका हाच.

ठाण्याजवळ शीळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम सुरू असलेली इमारत कोणत्याही भूकंपाविना कोसळून ७४ जणांचा बळी गेला होता. महापालिका क्षेत्रात तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. या तपासणीचा भर बहुधा गळती, गंजलेल्या सळया आणि उभा भार यांवर असतो. तळमजल्याचे खांब आडवा धक्का सोसतील काय, हे रहिवाशांना अभियंत्याकडे स्वतंत्रपणे विचारावे लागते. खांबांभोवती नव्या सळया व काँक्रीटचे वेष्टन घालणे, अथवा मोकळ्या तळमजल्यात ठरावीक जागी भिंती उभारणे, हे उपाय जुन्या इमारतींतही करता येतात.