‘नवीन काय घेतलंस?’ : हाय-फाय ते हार्ड डिस्क

‘कसा आहेस?’च्या आधी ‘नवीन काय घेतलंस?’ असं विचारणारी एक जमात आपल्या मंडळात आहे, हे वाचकांना सांगायला नकोच. सत्तरच्या दशकात या प्रश्नाचं उत्तर टर्नटेबल किंवा अ‍ॅम्प्लिफायर असं असायचं. ऐंशीच्या दशकात ते कॅसेट डेक नाहीतर होम कॉम्प्युटर झालं आणि नव्वदच्या दशकात मदरबोर्ड, साउंड कार्ड, हार्ड डिस्क. घरातली माणसं या सगळ्याला सरसकट ‘खेळणी’ म्हणत. त्यात हौस होती, थोडी मिरवामिरवही होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण या खेळण्यांचा इतिहास चाळला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. हाय-फाय काय किंवा घरगुती कॉम्प्युटर काय, दोन्ही उद्योगांचा पाया घातला तो अशाच कुरकुरणाऱ्या, मिरवणाऱ्या आणि घेतलेली वस्तू उघडून एकमेकांना दाखवणाऱ्या गिऱ्हाइकांनी. मोठ्या कंपन्या मागाहून आल्या.

१९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एल.पी. तबकडी आणली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचं गाणं मावू लागलं, पण ते जसंच्या तसं ऐकवणारी यंत्रं सहज मिळत नव्हती. बाजारातले रेडिओग्राम म्हणजे बहुधा छान पॉलिश केलेलं कपाट, आणि आवाजाच्या नावाने शंख! तेव्हा इथल्या हौशी लोकांनी सुटे भाग आणून घरीच जुळवायला सुरुवात केली. हीथकिट आणि डायनाकिटची खोकी टपालाने यायची. आत तारा, व्हॉल्व्ह, कपॅसिटर आणि एक जाडजूड पुस्तिका. डाग द्यायचं काम आपलं.

या हौशी लोकांपैकीच एक होते एडगर व्हिल्चर. खर्जाचे स्वर नीट ऐकू यायचे तर स्पीकरचं खोकं गोदरेजच्या कपाटाएवढं हवं, असा त्या काळचा समज होता. व्हिल्चर यांनी खोकं हवाबंद केलं. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी पडद्याला मागे खेचते, आणि पुस्तकांच्या शेल्फवर बसणाऱ्या खोक्यातून मृदंगाचा धुमारा निघतो. १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्याबरोबर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे अ‍ॅकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. या कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक ऐकण्याची खोली थाटली होती. तिथे विक्री होत नसे. गाडीला वेळ आहे, या, बसा, ऐका, आणि जा. दुकानदारीच्या या देशात ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

त्याच गावात, एम.आय.टी.मध्ये शिकणाऱ्या एका तरुणाने १९५६ मध्ये शिक्षण पुरं होत आल्याच्या आनंदात स्वतःसाठी एक चांगला हाय-फाय संच विकत घेतला. कागदावरचे आकडे उत्तम होते. पण लहानपणी व्हायोलिन शिकलेल्या त्याच्या कानांना त्यातलं व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाटेना. तरुणाचं नाव अमर बोस; वडील बंगालमधून इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेत आलेले क्रांतिकारक. तुम्ही-आम्ही दुकानात जाऊन वस्तू परत केली असती. बोस यांनी संगीत-सभागृहात आवाज कानांपर्यंत कसा पोहोचतो याचा अभ्यास केला, १९६४ मध्ये कंपनी काढली आणि १९६८ मध्ये ‘९०१’ हा स्पीकर आणला. त्याचे नऊपैकी आठ पडदे भिंतीकडे तोंड करून असतात, कारण सभागृहातला बराचसा आवाज भिंतींवरून उलटूनच आपल्याकडे येतो. फसलेल्या खरेदीने एवढं मोठं फळ दिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

१९६५ च्या कायद्यानंतर आपली मंडळी इथे येऊ लागली, तेव्हा हा सगळा बाजार सजून बसलेला होता. मी १९७५ मध्ये न्यू जर्सीत आलो. पुण्यात आमच्या घरी एक रेडिओ होता, पोस्टात पैसे भरून त्याचा परवाना घ्यावा लागे, आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त वडिलांना. अशा घरातून आलेल्या मुलाने न्यूयॉर्कच्या पार्क रोवरच्या ‘जे अँड आर’ची भिंतभर यंत्रं पाहिली की त्याचं काय होणार! पहिल्या पगारातून भाडं, दुसऱ्यातून घरी पैसे आणि तिसऱ्यातून रिसीव्हर, हा क्रम आमच्यापैकी बऱ्याच जणांचा सारखाच निघाला.

परत जाणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. ‘दोन-चार वर्षांत परतायचंच आहे’ असं तेव्हा प्रत्येक जण म्हणायचा आणि त्या हिशेबाने खरेदी करायचा. जॅक्सन हाइट्सला २२० व्होल्टची दुकानं त्यावरच चालली. तरीही एक खोच उरायची. इथली वीज सेकंदाला ६० हेलकाव्यांची, भारतातली ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हेलकावे नाही. त्या काळच्या अनेक टर्नटेबलांची मोटर या हेलकाव्यांच्या तालावर फिरायची. म्हणजे इथे ३३⅓ फेरे घेणारी तबकडी पुण्यात सुमारे २८ फेरे घेणार. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली उतरणार! उपाय साधा होता, मोटरच्या दट्ट्यावरची लहानशी पुली बदलायची. पण तो कुठल्या माहितीपत्रकात ठळकपणे छापलेला नसे. बेसमेंटमधल्या बैठकीतच कळायचा. आमच्यातल्या एका नागपूरकरांनी परत जाणाऱ्या निदान अर्धा डझन मित्रांच्या पुल्या बदलून दिल्या, आणि मोबदल्यात एक-एक एल.पी. घेतली.

कॅसेट आली आणि देवाणघेवाणीला ऊत आला. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवली आणि पुढे इतरांना परवाना-शुल्क न घेता बनवू दिली, म्हणून ती जगभर पसरली. मूळ हेतू पत्रं सांगून ठेवण्याचा. संगीतासाठी ती नव्हतीच. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग, त्यामुळे गाण्यामागे सतत ‘स्स्स’. हे ‘स्स्स’ घालवण्याचा मार्ग ज्याने शोधला तो रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून चंडीगढला होता, आणि ती कल्पना त्याला त्या मुक्कामातच सुचली. तिथून जाऊन १९६५ मध्ये त्याने लंडनला प्रयोगशाळा काढली. घरगुती यंत्रांसाठीची डॉल्बी-बी पद्धत १९६८ ची. युक्ती अशी, की रेकॉर्ड करताना बारीक, उंच स्वर मुद्दाम वाढवायचे आणि ऐकताना तेवढेच कमी करायचे. त्याबरोबर फितीचं ‘स्स्स’ही खाली बसतं. वर उल्लेखलेल्या क्लॉस यांच्याच अ‍ॅडव्हेंट कंपनीने १९७०-७१ मध्ये डॉल्बीचा घरगुती कॅसेट डेक आणला आणि कॅसेटला हाय-फायच्या पंगतीत पाट मिळाला. गीतरामायणाची ५६ गीतं पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये वर्षभर ऐकवली होती. इथे ती कुणाच्या तरी डेकवरून कुणाच्या तरी डेकवर, सी-९० कॅसेटींत उतरत फिरली. कायद्याच्या दृष्टीने ते कितपत बसत होतं याची चर्चा त्या बैठकींत झाल्याचं आठवत नाही.

आणि मूळ हेतू? तोही आपल्या लोकांनीच पुरा केला. फोन महाग, कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहायची. म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर बोलक्या कॅसेटी यायच्या. आईचा आवाज, मागे कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी, आणि ‘बोल ना, टेप चालू आहे’ असं वडिलांचं दटावणं. आखातातून कुणी नातेवाइकाने आणलेल्या टू-इन-वनवर ती पत्रं भरली जात.

कॉम्प्युटरचा इतिहास याच वळणाने गेला. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलर, स्मृती फक्त २५६ बाइट्स. ना पडदा, ना कळफलक. त्याचं करायचं काय, हे विकणाऱ्यालाही धड सांगता आलं नसतं. ते ठरवलं गिऱ्हाइकांनी. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली सभा भरली. पुढच्या महिन्यात स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने आपला अल्टेअर तिथे आणला, शेजारी एक साधा रेडिओ ठेवला आणि खटके वर-खाली करत प्रोग्रॅम भरला. रेडिओतून चक्क बीटल्सच्या ‘द फूल ऑन द हिल’ची चाल वाजू लागली! कॉम्प्युटर चालताना जवळच्या रेडिओत खरखर होते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या खरखरीलाच त्याने सुरात बसवलं. घरगुती कॉम्प्युटरने चारचौघांत करून दाखवलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे गाणं, ही गोष्ट आमच्या जमातीने सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावी. याच क्लबात स्टीव्ह वॉझ्नियॅकने आपल्या सर्किटचे आराखडे लोकांना वाटले. १९७६ मध्ये त्याचाच ‘अ‍ॅपल-१’ झाला.

आपल्याकडे, म्हणजे न्यू जर्सीत, १९७६ च्या मे महिन्यात ट्रेंटन स्टेट कॉलेजात पहिला ट्रेंटन कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरला. व्याख्यानं आत आणि खरी मजा बाहेर, पार्किंगमधल्या जुन्या बाजारात. भल्या पहाटे निघून, थर्मासमध्ये चहा घेऊन आम्ही तिथे जात असू. घासाघीस करायचं पुण्या-मुंबईचं शिक्षण तिथे वाया गेलं नाही.

गंमत अशी, की या नव्या यंत्राला आधार मिळाला तो जुन्या कॅसेटचाच. डिस्क ड्राइव्ह महाग, म्हणून प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे. रेडिओ शॅकचा टी.आर.एस.-८० १९७७ मध्ये ५९९.९५ डॉलरला मिळायचा, त्यात पडदा आणि कॅसेट रेकॉर्डर दोन्ही. अशा कॉम्प्युटरांत आवाजाचं बटण नेमक्या जागी नसेल तर प्रोग्रॅम चढतच नसे. ज्यांनी डेकची डोकी स्पिरिटने पुसण्यात तारुण्य घालवलं होतं, ते इथे आपोआप तज्ज्ञ ठरले. एकाच फडताळात किशोरीताई आणि बेसिक भाषेतले खेळ! चुकीची कॅसेट लागली की स्पीकरमधून जी किंचाळी निघायची, तिला माझी बायको ‘तुमचा नवा राग’ म्हणे.

सी.डी. जपानात १ ऑक्टोबर १९८२ ला आली. सोनीच्या पहिल्या प्लेअरची किंमत १,६८,००० येन. अमेरिकेत ती १९८३ च्या मार्चमध्ये पोहोचली, आणि त्याच महिन्यात आय.बी.एम.ने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला ‘पी.सी. एक्स.टी.’ जवळजवळ ५,००० डॉलरला बाजारात आणला. आता हिशेब करा. सी.डी.वर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक दोन बाइटचा, डावा-उजवा धरून दुप्पट. एका मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट. म्हणजे त्या पाच हजारांच्या यंत्रात एक मिनिटाचं गाणंही पुरतं मावलं नसतं! अठरा वर्षांनी, २००१ मध्ये, ३९९ डॉलरचा आयपॉड हजार गाणी खिशात घेऊन आला. मधल्या काळातल्या खरेद्या म्हणजे हीच दरी बुजवण्याची धडपड. साउंड ब्लास्टर (१९८९) आलं आणि पी.सी.ला कंठ फुटला. पेंटियम (१९९३) आला, आणि त्याच्या निर्मितीत पुढे असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, हे आम्ही पाहुण्यांना न विचारता सांगू लागलो. १९९८ मध्ये तीनशे मेगाहर्ट्झचा सेलेरॉन दीडशे डॉलरच्या आसपास घेऊन तो साडेचारशेवर पळवणं हा सगळ्यात मोठा पराक्रम होता. पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

ती दुकानं आता नाहीत. हीथकिटने १९९२ मध्ये संच बंद केले, ‘जे अँड आर’ २०१४ मध्ये मिटलं, रेडिओ शॅकने २०१५ मध्ये दिवाळं काढलं. गाण्यांचं काही अडत नाही, ती कुठेही मिळतात. अडतं ते आईच्या कॅसेटचं. आपल्यापैकी कितीतरी घरांत बुटांच्या खोक्यात अशा दहा-वीस कॅसेटी आहेत आणि त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी पैसे देऊन त्या डिजिटल करून घेतल्या. करणाऱ्याने डॉल्बीचं बटण चालू ठेवलं. भारतातल्या टू-इन-वनला सहसा डॉल्बी नसे. त्यामुळे न वाढवलेले स्वर उगाच कापले गेले आणि आईचे ‘स’, ‘श’ बोथट झाले. ‘ही माझी आई वाटत नाही,’ त्या म्हणाल्या. मूळ कॅसेटी होत्या म्हणून निभावलं.

दुसऱ्या खेपेला ते काम आमच्याच बैठकीतल्या दोघांनी केलं. डॉल्बी बंद. डेकच्या डोक्याचा बारीक स्क्रू केसभर फिरवत ‘श’ सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. आवाज चिरका वाटत होता, कारण भरताना टू-इन-वनचा झिजलेला पट्टा हळू फिरत होता. कॉम्प्युटरवर पाहिलं तर आवाजामागे विजेची बारीक गुणगुण होती. पुण्याची वीज ५० ची, गुणगुण दिसत होती ५३ वर. त्या प्रमाणात वेग खाली आणला आणि बाई मान हलवू लागल्या.

मंडळात सध्या असे दोन चालू डेक आहेत आणि ते वापरता येणारी तीन माणसं, तिघंही सत्तरीच्या पुढची. कुणाला कॅसेटी आणायच्या असतील तर आधी त्या दुसऱ्या यंत्रात घालून पाहू नका, आणि मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे दात मोडूनच आणा, म्हणजे चुकून त्यांच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.