बोटाला मानवणारी वस्तू

माणसाच्या बोटाच्या टोकाची त्वचा फार संवेदनशील असते. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरबरीत, कोरडा आहे की ओलसर, हे ती क्षणात ओळखते. म्हणूनच बोटांनी नेम साधायच्या खेळांत बोटाला प्रत्यक्ष टेकणाऱ्या वस्तूला मोठे महत्त्व येते. कॅरमचा स्ट्रायकर ही अशीच एक वस्तू. दिसायला ती साधी चकती. परंतु हत्तीचा सुळा, रबराचा चीक, प्लॅस्टिकचा शोध आणि संवेग अक्षय्यतेचा नियम एवढी सगळी गोष्ट तिच्यामागे उभी आहे.

ही गोष्ट सांगायला रत्नागिरीसारखे दुसरे चांगले ठिकाण शोधावे लागेल. येथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मैदानांत चिखल झाला की खेळ घराच्या पडवीत आणि शाळेच्या वर्गात येतात. रियाझ अकबरअली आणि आकांक्षा कदम हे कॅरममधले नावाजलेले खेळाडू याच रत्नागिरीचे. ज्या दमट हवेत कॅरमची फळी फुगते, त्याच हवेत ही बोटे तयार झाली.

एके काळी उत्तम स्ट्रायकर हस्तिदंताचा समजला जाई. हस्तिदंताचा पोत बारीक असतो, त्याला झिलई चांगली चढते, आणि आघातानंतर तो उत्तम उसळी घेतो. बिलियर्डच्या चेंडूंसाठीही याच गुणांमुळे हस्तिदंत वापरीत. एकोणिसाव्या शतकात ही मागणी इतकी वाढली, की १८६३ साली अमेरिकेतील एका बिलियर्ड व्यावसायिकाने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट याने या शोधात सेल्युलॉइड बनवले आणि १८७० साली त्याचे पेटंट घेतले. प्लॅस्टिकयुगाच्या आरंभीच्या टप्प्यांत या खेळाच्या चेंडूचा असा वाटा आहे.

खेळाच्या आणखी एका चेंडूची कथा याला समांतर जाते. लांब लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि टोकाला मांडलेल्या दहा खुंट्या पाडायच्या, असा बोलिंगचा खेळ पश्चिमेत फार लोकप्रिय आहे. विसावे शतक सरताना मुंबईच्या लोअर परळमध्ये फिनिक्स मिलच्या आवारातही तो आला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्यांनी ज्या गिरणगावात घाम गाळला, त्याच गिरणगावात. बोलिंगचा चेंडू आधी लिग्नम व्हाइटी नावाच्या अतिशय कठीण लाकडाचा असे. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची युक्ती सापडली होती. गंधकाचे प्रमाण बरेच वाढवले तर रबर लाकडासारखे कडक होते. १९०५ च्या सुमारास अशा कडक रबराचे चेंडू आले, आणि पुढे प्लॅस्टिकचे.

हा चेंडू जास्तीत जास्त ७.२६ किलोग्रॅम वजनाचा असू शकतो, आणि तो तीन भोकांत बोटे घालून उचलायचा असतो. भोक सैल असेल तर बोटे चेंडू आवळून धरतात, सोडताना तो अडखळतो. घट्ट असेल तर कातडी सोलते. शिवाय उष्म्याने बोटे किंचित सुजतात, थंडीत आकसतात. यावर उपाय म्हणून भोकात रबराची किंवा मऊ प्लॅस्टिकची नळी चिकटवतात. ती निरनिराळ्या मापांत मिळते, झिजली की काढून नवी बसवता येते. घामाचा आणि तेलाचा थर साचून ती निसरडी होऊ नये म्हणून वेळोवेळी पुसावी लागते. थोडक्यात, चेंडू तोच ठेवून तो प्रत्येकाच्या बोटाला मानवेल असा करून घेतला जातो.

कॅरममध्ये अशी सोय नाही. टिचकी मारताना स्ट्रायकर बोटाला क्षणभरच टेकतो. येथे बोटालाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणून त्याची निवड नीट व्हायला हवी.

हस्तिदंताचा मार्ग मात्र बंद झाला, आणि ते योग्यच झाले. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार थांबला. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत झाली. खेळाच्या नियमांत हस्तिदंती आणि धातूचे स्ट्रायकर वर्ज्य आहेत. स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरहून आणि वजन १५ ग्रॅमहून अधिक असता कामा नये. सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची असते.

वजनाची ही मर्यादा कशासाठी? थोडे गणित करून पाहू. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर v वेगाने येऊन ५ ग्रॅमच्या स्थिर सोंगटीवर समोरून आदळला आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक मानली, तर सोंगटी १.५v वेगाने सुटते आणि स्ट्रायकर ०.५v वेगाने पुढे जात राहतो. संवेग ताडून पाहा: १५ × ०.५ आणि ५ × १.५ यांची बेरीज १५ येते. आता स्ट्रायकर २० ग्रॅमचा घेतला तर सोंगटीचा वेग १.६v होतो. वजन एक तृतीयांशाने वाढवूनही लाभ अगदी थोडा. त्यातच तेवढ्याच ऊर्जेच्या टिचकीने जड स्ट्रायकर मुळात सावकाश निघतो. आदळल्यानंतर त्याच्यात जास्त वेग उरतो, म्हणजे तोही भोकात जाऊन दंड बसण्याचा धोका वाढतो. जड स्ट्रायकरने खेळ सुधारतो हा समज असा गणितात टिकत नाही.

मग निवडताना काय पाहावे? व्हर्नियर कॅलिपर शाळेत असतेच. निरनिराळ्या दिशांनी पाच-सहा वेळा व्यास मोजावा. मापे जुळली नाहीत तर स्ट्रायकर गोल नाही. कडेला खपली उडाली असेल तर तो बाद करावा, कारण कडेवरचा खड्डा टक्करीची दिशा बदलतो आणि नखालाही खुपतो. काचेवर ठेवून तो डुलतो का ते पाहावे. मुलांची बोटे लहान, नखे निरनिराळी. म्हणून वर्गासाठी दोन-तीन वजनांचे स्ट्रायकर ठेवून प्रत्येकाला स्वतःचा निवडू द्यावा.

निगा राखताना मुख्य शत्रू म्हणजे ओलावा. बोटाचा घाम आणि तेल स्ट्रायकरला लागते, त्यावर पावडर बसते आणि चिकट पुट चढते. खेळ संपला की कोरड्या मऊ कापडाने तो पुसावा. फळीचे लाकूड दमट हवेत पाणी शोषते आणि फुगते, म्हणून पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून न ठेवता कोरड्या जागी सपाट ठेवावी. पावडर म्हणून बोरिक आम्ल वापरतात. त्याच्या स्फटिकांतील थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून घर्षण कमी होते. मात्र ते पोटात जाणे अपायकारक आहे. खेळानंतर मुलांना हात धुवायला लावावेत.

फळी नीट आहे का, हे तपासण्याची कसोटी नियमातच आहे. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला तर तो निदान साडेतीन फेऱ्या करायला हवा. वर्गात हाच प्रयोग पावडरीशिवाय, पावडर टाकून, आणि दमट दिवशी करून फेऱ्या मोजाव्यात. घर्षणाचा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा तो येथे लवकर समजतो.

१९९१ साली दिल्लीत पहिली जागतिक कॅरम स्पर्धा झाली आणि मारिया इरुदयम विजेता ठरला. २०२४ साली अमेरिकेतील विश्वचषकात चेन्नईच्या काझिमाने तीन सुवर्णपदके जिंकली. तिचे वडील रिक्षाचालक. महागड्या सुळ्याची जागा स्वस्त चकतीने घेतली आणि वजनाला सर्वांसाठी एकच मर्यादा आली, म्हणून अशा घरातले बोटही तेथवर पोहोचू शकते. आपल्या शाळेतली फळी एकच असेल, स्ट्रायकर दोनच असतील. पण ते गोल, कोरडे आणि मुलांच्या बोटाला मानवणारे आहेत का, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.