शर्यतीची जमीन

बैलगाडी शर्यतीचा इतिहास गेल्या काही वर्षांत न्यायालयाच्या तारखांनीच सांगितला जातो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तरी उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बैलाला होणाऱ्या वेदनेचा प्रश्न खराच होता, आणि तो निकालाने संपलेला नाही. मात्र शर्यतीचे भवितव्य केवळ तेथे ठरत नाही, असे आम्हांस वाटते.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात, कुंभिवलीसारख्या गावांत, बैल हा आधी नांगराचा आणि मग शर्यतीचा. भातकापणीनंतर मोकळी झालेली खाचरे हेच मैदान, आणि पाहणाऱ्याला बैलाची जात, चाल, दम घरच्या अनुभवाने कळे. आता नांगरणी ट्रॅक्टर करतो आणि खाचरांवर फार्महाऊसची कुंपणे उभी राहतात. शर्यतीचा बैल केवळ शर्यतीसाठी पोसला जातो. पाहणारा जाणकार न राहता प्रेक्षक होतो.

लंडनमधील विम्बल्डनची मोटारसायकलींची स्पीडवे शर्यत २००५ मध्ये बंद झाली. ती कोणत्या न्यायालयाने थांबवली नव्हती. जागेचा करार जमला नाही. पुढे ते स्टेडियमही पाडले गेले, तेथे फुटबॉलचे मैदान व घरे उभी राहिली.

कायदा शर्यतीला परवानगी देऊ शकतो. खाचर देऊ शकत नाही.