आपल्या शिपायांच्या नोंदी आणि त्यांची दुरुस्ती

आपल्या संघाच्या सभासद कुटुंबांत अशी घरे पुष्कळ आहेत की ज्यांच्या मागील चार-पाच पिढ्यांत कोणी ना कोणी पलटणीत नोकरी केलेली आहे. आजे-पणजे यांच्या शौर्याच्या गोष्टी सणासुदीस घरोघर निघतात. परंतु त्या गोष्टींस लेखी आधार काय, असे नातवाने विचारले, तर पेटीच्या तळाचा एखादा घडीवर फाटलेला कागद किंवा काळे पडलेले एखादे पदक एवढेच काय ते पुढे येते. आणि त्यावरील नाव बहुधा घरातील कोणाच्याही आडनावाशी जुळत नाही. गेल्या वर्षी काही सभासदांनी असे कागद आमच्याकडे वाचावयास आणून दिले. ते वाचीत असता जो विचार मनात आला, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ कोरेगावपासूनच करणे प्राप्त आहे. दि. १ जानेवारी १८१८ रोजी भीमाकाठच्या या गावी कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन याच्या हाताखालील तुकडी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी दिवसभर झुंजली. तीत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटमधील दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, काही घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. पुढे तेथे उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे कोरलेली असून त्यांपैकी २२ नावे 'नाक' या जोडाची आहेत. सोमनाक कमळनाक, भागनाक हरनाक अशी ही नावे होत: आधी स्वतःचे, मग बापाचे. आडनाव नाही, गाव नाही, आणि विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे जातही नाही. हे शिपाई महार होते हे त्या दगडावर कोणी लिहून ठेविलेले नाही. ते आपणांस त्या दोन अक्षरांवरून समजते. 'नाक' ही आपल्या पूर्वजांच्या नावामागील मानाची जोड होती. पुढील पिढ्यांनी ती टाकली, गावावरून आडनावे घेतली, आणि ज्या खुणेवरून पणजोबा सापडावयाचे ती खूणच आपल्या हातून सुटली.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, मग ती कोणास रुचो वा न रुचो. आपल्या सभांतून ५०० महारांनी २८,००० फौजेचा धुव्वा उडविला असे वारंवार सांगण्यात येते. ते ५०० शिपाई निरनिराळ्या जातींचे होते. पेशव्यांची फौज संख्येने फार मोठी होती हे खरे, पण प्रत्यक्ष गावात घुसून लढले ते तिच्यातील थोडेच. आणि रात्र पडल्यावर ती फौज निघून गेली. बटालियनमध्ये आपले लोक मोठ्या संख्येने होते, उपाशीतापाशी दिवसभर लढले आणि पडलेल्यांत त्यांचा वाटा जवळजवळ निम्मा होता, एवढे सत्य पुरेसे नाही काय? दुसऱ्याने आपल्या पूर्वजांची नोंद पुसली अशी तक्रार ज्यांस करावयाची आहे, त्यांनी स्वतःच्या वहीत वाढीव आकडा लिहून चालणार नाही. सरकारी कचेरीत एक आकडा खोटा ठरला की बाकीचे खरे आकडेही संशयात पडतात, हा अनुभव ज्याने एकदा घेतला आहे त्यास हे निराळे सांगावयास नको.

त्या काळच्या लष्करी कागदांत आणखी एक अडचण आहे. 'महार' हा शब्द शोधू गेल्यास तो पुष्कळ ठिकाणी आढळतच नाही. मुंबई लष्करातील गोरे अधिकारी आपल्या लोकांस 'परवारी' म्हणत व कागदोपत्रीही तसेच लिहीत. ज्यांस पुराभिलेखागारात बसून जुनी कागदपत्रे पाहावयाची आहेत, त्यांनी हा शब्द आधी टिपून ठेवावा. शिवाय इंग्रजी लेखकाने कानाला लागेल तसे नाव लिहिलेले असते. एकच शिपाई एका कागदात 'सोमनाक' तर दुसऱ्यात 'सुमनक' होऊन बसतो.

मानचिन्हांची हकीकत तर याहून चमत्कारिक आहे. १८०३ ते १८२६ या काळातील मोहिमांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' नावाचे रुपेरी पदक कंपनी सरकारने काढले ते १८५१ साली! त्याच्या फितीवर लढाईनिहाय पट्ट्या असत. त्यांत कोरेगावचीही एक होती. परंतु पदक मिळावयाचे ते त्या वर्षी हयात असणाऱ्यास. कोरेगावी जो वीस वर्षांचा होता तो आता त्रेपन्नाचा झालेला, पेन्शनीवर कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परतलेला. तो खेड्यात महारवाड्याबाहेर चावडीच्या पायरीवरही चढू शकत नव्हता. त्याच्यापर्यंत ही बातमी पोहोचली किती आणि त्याने अर्ज लिहवून घ्यावा कोणाकडून? कोरेगावच्या पट्टीची पदके फार थोडी निघाली, यात आम्हांस नवल वाटत नाही.

तरीही या पहिल्या कालखंडाविषयी इतके म्हणता येईल की शिपायाची जात लिहिली नसली तरी त्याची चाकरी लिहिलेली होती. १८९० नंतर उलट झाले. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या अमदानीत पक्का झाला, पलटणी जातवार रचण्याचे धोरण आले, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. ज्यांचे बाप सुभेदार-जमादार होऊन निवृत्त झाले, त्यांच्या मुलांस आता साधा शिपाई म्हणूनही उभे करीनात. आता जात तेवढी लिहिली गेली आणि चाकरी पुसली गेली.

यावर पहिला लेखी अर्ज सिद्ध केला तो गोपाळबाबा वलंगकर यांनी. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले होते. १८९४ साली त्यांनी मुंबईच्या सेनापतीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात आपण मूळचे क्षत्रिय असून १३९६ च्या दुष्काळात अन्न मिळवण्यासाठी जे करावे लागले त्यामुळे पतित ठरलो, असा युक्तिवाद आहे. आजच्या वाचकास हा युक्तिवाद टोचेल, आम्हांसही टोचतो. परंतु ज्या कचेरीने जात हाच निकष धरला, तिच्याशी तिच्याच भाषेत बोलण्यावाचून त्या वृद्ध हवालदारापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हेही पाहिले पाहिजे. त्या निवेदनाचे खरे बळ दुसऱ्या बाजूस आहे: आमची पूर्वीची चाकरी तुमच्याच दप्तरात आहे, ती उघडून पाहा, ही मागणी. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, यांनीही याच कामी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य मागितल्याचे चरित्रकार सांगतात.

शिवराम जानबा कांबळे यांच्या हाती हे काम आले तेव्हा सूर बदलला. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढणाऱ्या या पुण्याच्या कार्यकर्त्याने १९१० साली भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज पाठविला. त्यात पोलिसांत, सरकारी नोकरीत आणि सैन्यात प्रवेश मागितला आहे, तो मनुष्य व प्रजाजन या नात्याने. कोणी याला दयेची याचना म्हणतात. आम्ही तसे मानीत नाही. वलंगकर काय किंवा कांबळे काय, दोघांनीही मागितली ती चुकीच्या नोंदीची दुरुस्ती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, त्यामागेही हेच कारण होते: सरकारचे मत एक आणि सरकारचाच दगड त्याच्या विरुद्ध साक्ष देतो!

दुरुस्ती झाली ती युद्धाच्या गरजेने, आणि तीही एकदा होऊन पुन्हा मोडली. १९१७ साली '१११ वी महार्स' ही पलटण उभारली व १९२१ साली ती मोडून टाकली. त्या चार वर्षांत भरती झालेल्यांचे नातू आजही 'आमचा आजा महार पलटणीत होता' असे म्हणतात, तेव्हा ऐकणारा १९४१ ची रेजिमेंट समजतो आणि वयाचा हिशेब जुळत नाही म्हणून त्यांस खोटे ठरवितो. ही चूक आम्हीही एकदा केली आहे. ज्यांच्याबाबत केली त्यांची क्षमा मागतो. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, त्यामागे व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवरील बाबासाहेबांचा आग्रह होता. पुढे रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभही आला, पण नंतर तो काढण्यात आला.

नोंदीचा हा अन्याय केवळ आपल्याच वाट्यास आला असे मात्र नव्हे. पहिल्या महायुद्धात इराकात पडलेल्यांसाठी बसऱ्यास जे स्मारक झाले, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात कबूल केले की आशिया-आफ्रिकेतील निदान ४५,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि निदान १,१६,००० जणांचे नावाने तर नाहीच, कदाचित मुळीच झाले नाही. शंभर वर्षांनी का होईना, वही उघडली गेली.

आता आजच्या घरांतील गोष्ट. शिपाई भरती होतो तेव्हा त्याचा 'शीट रोल' तयार होतो. त्यात जन्मतारीख, गाव, वारस, पुढे पत्नी व मुले यांची नावे चढतात. हा कागद त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतो: महार रेजिमेंटचा सागर येथे, मराठा लाइट इन्फंट्रीचा बेळगावास, बॉम्बे सॅपर्सचा खडकीस. लग्न, मूल, मृत्यू अशी प्रत्येक घटना 'पार्ट टू ऑर्डर'ने प्रसिद्ध होऊन शीट रोलवर यावी लागते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. शिपाई सुटीवर येऊन लग्न करतो, परत गेल्यावर कारकुनास बायकोचे माहेरचे नाव सांगतो किंवा सासरचे, आणि विसरतो. चाळीस वर्षांनी तो वारतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांनी नावे व आडनावे बदलली, त्यांत तर बापलेकांची नोंद दोन वेगळ्या कुटुंबांची वाटते.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंचे असेच झाले. शीट रोलवर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे. कुटुंब निवृत्तिवेतन अडले. प्रतिज्ञापत्र झाले, सरपंचाचा दाखला झाला, राजपत्रात नाव छापून झाले. एका कचेरीतून दुसरीकडे आणि दुसरीतून पुन्हा पहिलीकडे असे चौदा महिने गेले. त्या प्रत्येक खेपेस जिन्याच्या तळाशी बसत आणि मुलगा वर जाई. अखेर पेटीत नवऱ्याच्या हस्ताक्षरातील एक अर्जाची नक्कल सापडली. त्याने नोकरीत असतानाच बायकोचे नाव दुरुस्त करावयास लिहिले होते आणि समासात पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख टिपून ठेविली होती. आदेश निघाला होता. शीट रोलवर चढवावयाचा राहिला होता. तो क्रमांक कळविल्यावर सहा आठवड्यांत काम झाले. बाईंनी आम्हांस एवढेच विचारले, "म्हणजे त्यांनी लिहिलं होतं ना माझं नाव?"

यावरून नोकरीत असलेल्या आपल्या मुलांस सांगणे एवढेच की लग्नाची व अपत्यांची नोंद झाली म्हणून ऐकून समाधान मानू नये; आदेशाचा क्रमांक घरी कळवावा. निवृत्तांनी पेन्शनच्या आदेशावरील पत्नीचे नाव व जन्मतारीख हयातीतच ताडून पाहावी. अडचण आल्यास प्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, मग अभिलेख कार्यालय असा क्रम ठेवावा. तेथेही न्याय न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. स्वतःच्या जन्मतारखेची दुरुस्ती मात्र नोकरी संपल्यावर मिळणे जवळजवळ अशक्य, म्हणून ती आशा कोणी कोणास दाखवू नये.

ज्यांच्या घरी पहिल्या महायुद्धातील पदके असतील त्यांस एक विनंती. पदक काळे दिसते म्हणून सणाला चिंच-रांगोळीने घासू नये. त्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. घासून घासून ती अक्षरे जातात. काही घरी रुपे म्हणून पदक सोनाराकडे आटवून त्याचे बाळलेणे केल्याचेही आमच्या कानावर आले आहे. ज्यांचे शिल्लक आहे त्यांनी भिंग लावून कडेवरील अक्षरे जशी आहेत तशीच, चुकीची दिसली तरी न सुधारता, कागदावर उतरवून संघाच्या कार्यालयात द्यावीत. शेजारी घरात त्या आजोबांस कोणत्या नावाने हाक मारीत, तेही लिहावे.