एदामामे: फांदीवरचं नाव

लातूर-वाशीमच्या रानात सोयाबीन पिवळं पडून खडखडीत वाळतं, मळणी होते आणि पोती बाजार समितीत जातात. तिथून पुढे तेल आणि पेंड. याच पिकाची शेंग हिरवी, भरलेली, पण पिकायच्या आत तोडून जपानमध्ये निदान साडेसातशे वर्षं उकडून खाल्ली जाते. तिथे वाळलेल्या दाण्याला ‘दाइझू’ म्हणतात आणि हिरव्या शेंगेला ‘एदामामे’. झाड एकच, नावं मात्र दोन.

‘एदा’ म्हणजे फांदी, ‘मामे’ म्हणजे शेंगेतला दाणा. फांदीवरचा दाणा. मराठी माणसाला हे ऐकताच काहीतरी आठवायला हवं, कारण थंडीच्या दिवसांत रानातून उपटून आणलेल्या, घाट्यांनी लगडलेल्या हरभऱ्याला आपण ‘डहाळा’ म्हणतो. कुठे तो ‘ढाळा’ होतो, कुठे ‘टहाळ’. डहाळी म्हणजे फांदीच. वाळला की हरभरा, ओला असताना डहाळा. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन शेतकरी समाजांनी कोवळ्या दाण्याचं बारसं फांदीच्या नावानं केलं. जपानी नावाची सगळी कुळकथा या फांदीतच दडलेली आहे.

तिची सर्वांत लोकप्रिय उकल फेरीवाल्यांपाशी नेऊन सोडते. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, या शहरात उन्हाळ्याच्या रात्री उकडलेल्या शेंगांच्या जुड्या घेऊन विक्रेते गल्लोगल्ली फिरत. किटागावा मोरिसादा या गृहस्थानं 1837 पासून आपल्या काळातल्या शहरी रीतिभातींची जंगी नोंदवही लिहायला घेतली. त्यात हे विक्रेते आहेत आणि त्यांच्यात मध्यमवयीन बायका बऱ्याच असत, हेही आहे. मग तो मोलाचा फरक सांगतो: एदोत शेंगा फांदीसकट विकतात म्हणून त्या ‘एदामामे’, क्योतो-ओसाकाकडे फांदी काढून नुसत्या शेंगा विकतात म्हणून त्या ‘सायामामे’. ‘साया’ म्हणजे शेंगेचं टरफल, आणि तलवारीच्या म्यानालाही जपानीत तोच शब्द. दोन शहरं, विकायच्या दोन तऱ्हा, दोन नावं. उकडलेली जुडी हातात धरायची, चालता चालता एकेक शेंग दातांनी ओढायची. फांदी म्हणजे आयती मूठ. या चित्रावरूनच पुष्कळांनी ठरवून टाकलं की हे नाव एदोच्या रस्त्यावर जन्मलं.

चित्र देखणं आहे, पण कालगणना त्याच्या विरुद्ध जाते. एदो हे छोटं ठिकाण 1603 नंतर राजसत्तेचं शहर झालं. ‘एदामामे’ हा शब्द त्याच्या सव्वातीनशे वर्षं आधीच्या एका पत्रात आहे. निचिरेन हा बौद्ध आचार्य 1274 मध्ये मिनोबू डोंगरात राहायला गेला. पुढच्याच वर्षी एका अनुयायानं पाठवलेल्या जिनसांबद्दल आभार मानताना त्यानं काकडीवर्गातली फळं, चवळी आणि अळकुड्या यांच्या पंगतीत एदामामेचं नाव घेतलं. तिथे फेरीवाला नाही, रस्ता नाही, चालता चालता खाणारं गिऱ्हाईक नाही. मोरिसादा खोटं लिहीत नव्हता. त्यानं डोळ्यांसमोरची रीत अचूक टिपली. नाव मात्र त्या रीतीच्या कितीतरी आधीचं होतं. एदोनं ते घडवलं नाही, फक्त जपलं.

मग फांदी कशासाठी? उत्तर शेतातच शोधावं लागतं. शेंग खुडली तरी तिचं श्वसन चालूच राहतं आणि त्यात दाण्यातली साखर खर्ची पडते. चव देणारी मोकळी अमिनो आम्लंही घटत जातात. उन्हाळ्यात हा ऱ्हास काही तासांत जिभेला कळतो. म्हणूनच आधी पाण्याला उकळी आणा आणि मग शेंगा तोडायला जा, असं जपानी शेतकरी सांगतात. शेंग फांदीला राहिली तर ऱ्हास मंदावतो, आणि पानं मलूल आहेत की ताठ, हे पाहून घेणाऱ्याला ताजेपणाची खात्री करता येते. डोंगरातल्या आचार्याला शेंगा पाठवणाऱ्यानंही त्या अशाच फांदीसकट पाठवल्या असणार. फांदी ही नुसती मूठ नव्हती, ती ताजेपणाची साक्ष होती, आणि नावात शिरली असावी ती हीच साक्ष.

निचिरेनच्या यादीत आणखी एक गंमत आहे. एदामामे तिथे काकडी-अळकुडीच्या शेजारी बसली आहे. जपानच्या आजच्या सरकारी अन्नघटक तक्त्यातही तेच दिसतं: दाइझू कडधान्यांत, एदामामे भाज्यांत. याला नुसती कारकुनी सोय म्हणता येणार नाही, कारण आकडेही तेच सांगतात. 100 ग्रॅम उकडलेल्या दाण्यांत सुमारे 11.5 ग्रॅम प्रथिनं, 118 किलोकॅलरी, 260 मायक्रोग्रॅम फोलेट आणि 15 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. कच्च्या दाण्यात क जीवनसत्त्व 27 मिलिग्रॅमपर्यंत असतं, म्हणजे उकडताना जवळजवळ निम्मं जातं. तरीही वाळलेल्या सोयाबीनमध्ये ते नावापुरतंच उरतं, हे पाहता 15 हा आकडा चांगलाच म्हणायचा. उलट वाळलेल्या दाण्यात प्रथिनं तिप्पट भरतात, साधारण 36 ग्रॅम, आणि तेल 20 ग्रॅमच्या आसपास. पण ही तुलना जपून करायला हवी, कारण एदामामेत जवळपास पाऊण हिस्सा पाणी आहे. पाणी वगळलं तर प्रथिनांच्या बाबतीत हिरवा दाणा वाळलेल्याच्या तोडीस तोड उतरतो. कडधान्याची प्रथिनं आणि भाजीचं क जीवनसत्त्व एकाच दाण्यात, असा योग कोवळेपणाच्या त्या मोजक्या दिवसांतच जुळतो.

गोडीही त्याच दिवसांची. हिरव्या दाण्यात थोडा स्टार्च असतो, पक्व सोयाबीनमध्ये तो जवळजवळ राहत नाही. उकडताना दाण्यातलं विकर त्या स्टार्चची माल्टोज साखर करतं. मात्र उकडणं चुकवायचं नाही: कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचं पचन अडवतात आणि उष्णतेनं ते निकामी होतात.

यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका भागातली ‘दादाचामामे’ ही शेंग तर मराठी कानाला थेट ‘दादाचा’ ऐकू येते. तिथल्या बोलीत ‘दादाचा’ म्हणजे वडील. उत्तम शेंगांचा षौक असलेला तिथला सरदार रोज विचारी, आजच्या शेंगा कुठल्या ‘दादाचा’च्या? त्यावरून नाव पडलं अशी आख्यायिका आहे. आपल्या ‘दादा’शी त्याचं नातं जोडायचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा, कारण घरातल्या मोठ्या पुरुषाला दा-दा, बा-बा अशी हाक जगभरच्या बाळबोलींतून निघते. खरं नातं वासाचं आहे. दादाचामामेचा सुगंध ज्या 2-असेटिल-1-पायरोलीनमुळे येतो, तेच रसायन बासमतीत आहे आणि मुळशी-मावळच्या आंबेमोहरातही आहे.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा. सोयाबीन मूळचं चीनचं. तिथे हिरव्या शेंगेला तिच्या लवीवरून ‘माओदोउ’, केसाळ दाणा, म्हणतात. ‘सोया’ हा शब्द ‘शोयू’ या जपानी चटणीरसावरून युरोपात पोचला, म्हणजे पिकाला नाव मिळालं ते त्याच्या रसाचं. ‘एदामामे’ इंग्रजी छापील मजकुरात 1951 मध्ये आला आणि 2003 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात. भारतात रांचीच्या कृषी संशोधन केंद्रानं भाजीसाठी ‘स्वर्ण वसुंधरा’ हा सोयाबीनचा वाण काढला आहे.

आणि सायामामे? मोरिसादानं टिपलेलं ते नाव मागे पडलं. आज ओसाकाच्या दुकानात जाळीच्या पिशवीत खुडलेल्या शेंगा भरलेल्या असतात, फांदीचा मागमूसही नसतो, आणि पिशवीवर छापलेलं असतं: एदामामे.