सातबाऱ्यावर कुणाचं नाव?

विषमतेचा विषय निघाला की आपण पटकन म्हणून जातो, कुणी कष्टाळू, कुणी आळशी, शेवटी ज्याचं त्याचं नशीब. आज हे विधान आपण रायगडच्या किनाऱ्यावर तपासून पाहू. खाडी तीच, खारेपाट तोच. पण इथली गरिबी-श्रीमंती सरकारी कागदाने वेळोवेळी हलवली आहे.

खोत हा मुळात सरकारच्या वतीने गावाचा सारा गोळा करणारा. १८८० च्या खोती कायद्याने इंग्रजांनी त्याचे हक्क पक्के केले. कुळाने पिढ्यान्‌पिढ्या खाडीचे बांध घालायचे, भात पिकवायचं, आणि मोठा वाटा खोताच्या घरी पोचवायचा. वर वेठ वेगळी. यात कुळाचा आळस कुठे आला?

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप जाहीर झाला. पंचवीस गावांतल्या कुळांनी नांगर खाली ठेवला. सरपण विकून, मिळेल ती मजुरी करून माणसं जगली, पण १९३९ पर्यंत हटली नाहीत. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. तरी १९३९ च्या कायद्यात 'संरक्षित कूळ' आलं, पुढे १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार ठरलं. एका पिढीपूर्वी ज्याला बांधावर हक्क नव्हता, त्याच्या नावाचा सातबारा झाला.

पण इथेच थांबलो तर आपण अर्धाच इतिहास सांगितला असं होईल. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यात केलेल्या पाहणीत दिसलं, की कागदोपत्री 'राजीखुशीने' जमीन सोडून दिलेली कुळं बरीच होती. ही राजीखुशी किती खरी, हे आपण ओळखू शकतो. आणि जो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीच करत होता, तो कूळच नव्हता. कातकऱ्याचं नाव कुठल्या रकान्यात येणार?

हा रकाना पुढे फार महाग पडला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी, मग न्हावा-शेवा बंदरासाठी पनवेल-उरणच्या जमिनी घेणं सुरू झालं, तेही १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. खोताकडून सुटलेली जमीन आता सरकारच मागत होतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचे जीव गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. ते न्याय्यच होतं. पण भूखंडाचं माप ठरलं ते गेलेल्या जमिनीवरून. ज्याची जमीन जास्त, त्याचा भूखंड मोठा.

आणि कोळी? खाडीचा सातबारा त्याच्या नावावर कधीच नव्हता. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. भरावाने बुडालेल्या मासेमारीबद्दल १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत, हा हरित लवादाचा आदेश आला २०१५ मध्ये. मध्ये एक अख्खी पिढी गेली.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, 'न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं' ही व्याख्या आयुष्यभर शिकवली. रायगडचा किनारा विचारतो, 'ज्याचं' हे ठरवतं कोण? ते तलाठ्याच्या दप्तरात ठरतं, आणि त्या दप्तरात काय लिहायचं ते कायदा सांगतो. सरकार इथे पंच नाही, ते स्वतः डाव मांडतं. चरीच्या कुळांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी नशिबाला दोष न देता कायदा बदलायला लावला.

आज उरण, पनवेल आणि पेणच्या १२४ गावांवर पुन्हा नवं शहर आखलं जातं आहे. जमिनीला किती भाव मिळणार, ही चर्चा आपण ऐकतोच. त्याआधी आपण ग्रामसभेत एक यादी मागू या: या गावात राबणाऱ्या किती जणांचं नाव सातबाऱ्यावर नाही?